बतावणी पाठ नसते

'टीव्हीवरचा विनोद सगळा पाठ केलेला' हे गेल्या रविवारचे पत्र वाचले. रोख 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'वर दिसतो. प्रहसन लिहिलेले असते हे खरेच. श्रेयनामावलीत लेखकांची नावे असतात, कोणी लपवत नाही. पण म्हणून आयत्या वेळचे त्यात काहीच नसते?

वसंत सबनीसांचे 'विच्छा माझी पुरी करा'ही लिहिलेलेच होते. दादा कोंडके त्यात ताज्या घडामोडींवरचे टोले घुसवत, म्हणून लोक तेच नाटक पुन्हा पाहत. तमाशातली बतावणी तर चालतेच अशी: विषय ठरलेला, वाक्ये तोंडाला येतील ती. लहानपणी निफाडकडच्या एका जत्रेत ऐन बतावणीत वीज गेली. सोंगाड्या अंधारातच म्हणाला, "सरदार, बिल भरलं न्हाई व्हय?" दिवे आले तरी मांडव हसतच होता.

टीव्हीवर आड येते ती कात्री. अडखळणे, गोंधळणे कापले की उरते ते पाठांतरासारखेच दिसते. ब्रिटनमध्ये १९८८ साली 'हूज लाइन इज इट एनीवे?' टीव्हीवर आले. त्यात विषय प्रेक्षकांकडून मागत आणि खेळ तिथल्या तिथे उभा राहत असे. (कात्री त्यालाही लागायचीच, पत्रलेखकांनी निराश होऊ नये.)

मराठी वाहिन्यांनी आठवड्याला अर्धा तास असा द्यावा. सोंगाडे आपल्याकडे आहेत. विषय आम्ही नाशिककर पुरवू.

– एक नाट्यप्रेमी, पंचवटी, नाशिक