ताप उतरवून मूल शाळेत पाठवू नका



पावसाळा सुरू झाला की वर्गावर्गात एक अनुभव येतोच. परिपाठाला ताठ उभं असलेलं मूल दुपारच्या खिचडीनंतर बाकावर डोकं टेकवतं. कपाळाला हात लावावा तर चटका बसतो. "सकाळी ताप होता का रे?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "हो मॅडम, आईने गोळी दिली. म्हणाली, बरं वाटेल."

ही गोळी म्हणजे पॅरासिटामॉल. आपण तिला कंपनीच्या नावाने ओळखतो. कुणाच्या घरी ती क्रोसिन असते, कुणाकडे कॅल्पॉल, तर करोनापासून घरोघरी डोलो. गोळी वाईट नाही. योग्य प्रमाणात दिली तर लहान मुलांसाठीही ती सुरक्षित आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे. माझा आक्षेप आपल्या वापरावर आहे. तापाची गोळी ही मुलाला बरं वाटावं म्हणून असते, त्याला शाळेत बसवता यावं म्हणून नाही.

गोळी नेमकं काय करते?

आपल्या मेंदूत शरीराचं तापमान ठरवणारं एक केंद्र असतं. जंतूंशी लढताना शरीर हे तापमान मुद्दाम वाढवतं. पॅरासिटामॉल ते तात्पुरतं खाली आणतं आणि अंगदुखी कमी करतं. जंतूंवर मात्र तिचा काहीच परिणाम होत नाही. दिल्यावर साधारण अर्ध्या ते एक तासात गुण येतो आणि तो चार ते सहा तास टिकतो.

आता हे शाळेच्या वेळापत्रकाशी जुळवून बघा. सकाळी साडेनऊला गोळी दिली, साडेदहाला शाळा भरली, मूल हसतंखेळतं. दोन-अडीच वाजता गोळीचा असर संपला की ताप परत हजर! तोपर्यंत ते मूल सगळ्यांच्या शेजारी बसलेलं असतं, एकाच नळावर पाणी प्यायलेलं असतं आणि त्याचा आजार आणखी चार घरी पोचलेला असतो.

दुसरा धोका याहून मोठा. ताप उतरला की आपण निर्धास्त होतो. डेंग्यूमध्ये तर अनेकदा ताप उतरतानाच खरी काळजीची वेळ सुरू होते. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, मूल मलूल पडणं, यातलं काहीही दिसलं तर थर्मामीटर काय सांगतो याची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. आणि एक लक्षात ठेवा, डेंग्यूची शंका असताना ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने देऊ नका. त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

"अर्धी गोळी दे" हे गणित चुकतं

घरोघरी ऐकू येणारं वाक्य, "मोठ्याला एक, लहान्याला अर्धी." पण मुलांचा डोस वयाच्या अंदाजाने नाही, वजनावर ठरतो. एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत.

पहिलीतलं २० किलोचं मूल घ्या. त्याला एका वेळी २०० ते ३०० मिलिग्रॅम लागतं. ५०० ची अख्खी गोळी त्याला जास्त होते आणि ६५० ची अर्धी, म्हणजे ३२५, हीसुद्धा थोडी जास्तच. तीच अर्धी गोळी बालवाडीतल्या १५ किलोच्या भावाला दिली तर? त्याची कमाल मर्यादा २२५ आहे.

पातळ औषधात घोळ आणखी वाढतो. एका सिरपच्या ५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅम औषध असतं, दुसऱ्याच्या ५ मिलीमध्ये २५०. तान्ह्या बाळांच्या थेंबांच्या बाटलीत बहुधा १ मिलीमध्येच १०० असतं. बाटली छोटी, पण औषध सर्वांत तीव्र! सिरप समजून त्या थेंबांचा ५ मिलीचा चमचा भरून दिला तर पोटात ५०० मिलिग्रॅम गेलं. आठ किलोच्या बाळाची एका वेळची मर्यादा आहे १२०. म्हणून स्वयंपाकघरातला चमचा नको, बाटलीसोबत आलेलं मापच वापरा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी औषध न देता थेट डॉक्टरांकडे जा.

नावं अनेक, औषध एकच

सर्दी-तापाच्या कितीतरी गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं. आई सर्दीची गोळी देते, तासाभराने आजी तापाची देते. दोघींच्या मते औषधं दोन. यकृताच्या दृष्टीने मात्र तो एकाच औषधाचा दुप्पट डोस. अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्या आजी-आजोबांनीही हे ध्यानात ठेवावं. तिथल्या टायलेनॉलवर लिहिलेलं 'ॲसिटामिनोफेन' म्हणजे आपलं पॅरासिटामॉलच. इकडून नेलेली गोळी आणि तिकडची गोळी एकापाठोपाठ घ्यायची नाही.

जास्तीचं पॅरासिटामॉल यकृताला इजा करतं आणि ते कळत नाही, हीच खरी पंचाईत. पहिल्या दिवशी थोडी मळमळ होते किंवा काहीच होत नाही. यावर उतारा आहे, पण तो पहिल्या आठ तासांत दिला तर सर्वांत चांगलं काम करतो. त्यामुळे चुकून जास्त औषध गेल्याचं कळलं तर "मूल खेळतंय ना, मग झालं" म्हणून थांबू नका. पाकीट हातात घ्या आणि लगेच रुग्णालयात जा.

आता थोडं आपल्याबद्दल

पालकांना दोष देऊन आपण शिक्षक मोकळे होऊ शकत नाही. ज्या आईचा रोज बुडला तर चूल पेटायची पंचाईत होते, ती तापलेल्या मुलाजवळ कशी बसणार? शाळा हीच तिच्यासाठी सर्वांत सुरक्षित जागा असते. त्यात आपण १०० टक्के उपस्थितीचं बक्षीस देतो, टाळ्या वाजवतो. आजारी असूनही न चुकता आलेल्या मुलाचं कौतुक करतो. ताप लपवायला आपणच शिकवतो, नाही का? माझ्या मते हे बक्षीस बंद करावं, किंवा निदान आजारपणाचे दिवस त्यातून वगळावेत. राहिलेला अभ्यास दोन दिवसांत भरून निघतो.

शाळेत पुढच्या चार गोष्टी सहज करता येतील:

१. पालकांशी फोनवर बोलल्याशिवाय कोणत्याही मुलाला गोळी द्यायची नाही. आधीचा डोस किती वाजता झाला हे आपल्याला ठाऊक नसतं.

२. सकाळी औषध दिलं असेल तर औषधाचं नाव, प्रमाण आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी पाठवायला पालकांना सांगायचं. चिठ्ठी आणली म्हणून मुलाला कुणी रागवायचं नाही.

३. ताप असलेल्या मुलाला नेण्यासाठी आई-वडिलांशिवाय आणखी एका नातेवाइकाचा किंवा शेजाऱ्याचा नंबर वर्गशिक्षकाकडे हवा.

४. सातवी-आठवीच्या गणिताच्या तासाला औषधाची रिकामी पाकिटं वाचायला द्यायची. औषधाचं मूळ नाव कोणतं, किती मिलिग्रॅम, मुदत कधी संपते? मग वजनावरून डोस काढायचं एक उदाहरण. गुणोत्तर-प्रमाण शिकवायला याहून उपयोगी धडा मला तरी सुचत नाही. हेच मूल घरी जाऊन आजीला पाकीट वाचून दाखवेल. गोळ्या देणं मात्र मोठ्यांचं काम, हेही त्याच तासाला सांगायचं.

पालकहो, तुमच्याकडे मागणं एवढंच: गोळी जरूर द्या, वजन बघून द्या, पाकीट वाचून द्या. आणि गोळी दिल्यावर मुलाला अंथरुणात राहू द्या. गोळीशिवाय अख्खा एक दिवस ताप आला नाही की खुशाल शाळेत पाठवा. तीन दिवसांत ताप गेला नाही, मूल पाणी पीत नसेल, झटका आला किंवा धाप लागली तर जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. गाडी मिळत नसेल तर १०८ ला फोन करा.

तुमच्या शाळेत आजारी मुलांसाठी काय पद्धत आहे? पुढच्या पालकसभेत हा विषय पहिलाच घ्या.