धावदोरा
सासूबाईंच्या निधनानंतर त्यांच्या कपाटातील लुगड्यांचे काय करावे, हा प्रश्न एका व्यापारी कुटुंबात उभा राहिला. दुकानाची वाटणी काही वर्षांपूर्वीच झाली होती. तेव्हापासून दोन्ही जावांमध्ये लग्नकार्यापुरतेच बोलणे उरले होते. नवी लुगडी गरजूंना दिली गेली. राहिली ती नेसून नेसून मऊ झालेली सुती नऊवारी. ती कोणाला नको होती आणि टाकवतही नव्हती. थोरलीने त्यांची गोधडी शिवण्याचे सुचविले. धाकटी केवळ नाही म्हणता येईना म्हणून आली.

पश्चिम महाराष्ट्रात जिला वाकळ म्हणतात, ती हीच गोधडी. काम दिसायला साधे. जुनी लुगडी स्वच्छ धुऊन, उन्हात वाळवून जमिनीवर एकावर एक अंथरावीत. प्रत्येक थराची सुरकुती तळहाताने काढावी. थर सरकू नयेत म्हणून आधी लांब कच्चे टाके घालावेत. मग कडेपासून धावदोरा सुरू होतो आणि चौकोनात चौकोन घेत मध्याकडे सरकतो. जुनेच सुती कापड घ्यायचे, कारण अनेक धुण्यांनी ते मऊ झालेले असते व सुई त्यातून सहज जाते. खळीच्या नव्या कापडात ती अडते.

शिवणयंत्रावर हे काम लवकर उरकते. हाताने अनेक दिवस लागतात. परंतु फरक केवळ वेळेचा नाही. हात एका लयीत गुंतले, नजर खाली राहिली, की मनात दडपलेले विचार हळूहळू वर येतात. त्यांना तत्काळ उत्तर द्यावे लागत नाही. पुढचा टाका घालायचा असतो. घाईने किंवा रागाने ओढलेला दोरा मात्र लपत नाही. कापड तेथे आवळते, चुणी पडते. ती ओढून सरळ होत नाही. टाके उसवावेच लागतात.

एका दुपारी धाकटीच्या बाजूला अशी चुणी दिसली. थोरलीच्या ओठांवर जुन्या सवयीचे वाक्य आले होते. तिने गोधडी उलटून पाहिली. चुणीचे मूळ तिच्याच बाजूला होते. थर न सारखा करता तिने टाके पुढे रेटले होते. काही न बोलता तिने आपल्या चार ओळी उसवल्या.

धाकटी बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, ‘‘ताई, वाटणीच्या वेळी आईंच्या बांगड्यांवरून मी जे बोलले, ते बोलायला नको होते.’’

‘‘मीही हिशेब चारचौघांत मागायला नको होता,’’ थोरली म्हणाली. दोघींनी सुईत दोरा ओवला.

ज्यांना हा अनुभव घ्यावासा वाटेल, त्यांनी आरंभ मोठ्या गोधडीने करू नये. दोन-तीन थरांचे बाळाचे दुपटे पुरे. रोज अर्धा तास, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. टाके वाकडे पडतील, पडू द्यावेत. मात्र चुणी दिसताच उसवावे. पुढे शिवत गेल्यास नंतर अधिक उसवावे लागते.

त्या घरची गोधडी पुरी झाली, तेव्हा ती कोणाकडे राहावी हा प्रश्न निघाला नाही. थंडीत ज्या घरी मुले एकत्र जमतात, त्या घरी ती जाते.