चौकशी चालू आहे

जुन्नरहून एका भगिनीनें लिहिलेलें पत्र आमच्यासमोर आहे. अक्षर वळणदार, मजकूर मोजका. परंतु एक वाक्य त्यांत तीन वेळां आलें आहे : 'चौकशी चालू आहे, एवढेंच उत्तर मिळतें.' ह्या बाईंचे यजमान उत्तर अमेरिका खंडांत नोकरीस आहेत. देशाचें नांव आम्ही मुद्दाम देत नाहीं. तेथें कायम वास्तव्याचा परवाना मिळावा म्हणून त्यांनीं अर्ज केला, त्यास सव्वीस महिने लोटले. शिक्षणाचे दाखले, नोकरीचे दाखले, वैद्यकीय तपासणी, सारें पसंत झालें. राहिली आहे ती सुरक्षाविषयक तपासणी. घरीं सासूबाई शहात्तर वर्षांच्या, हृदयविकारानें अंथरुणास खिळलेल्या. 'पुढल्या महिन्यांत येईल,' असें त्यांना दर महिन्यास सांगण्यांत येतें. धाकट्या दिरांचें लग्न ठरून थांबलें आहे, कारण थोरला भाऊ मांडवांत हवा. अशांत आळींतल्या कोणी तरी दारांत उभ्या उभ्या उद्गार काढले, 'एवढे दिवस लागतात म्हणजे कांहीं तरी असेलच!' ह्या उद्गारानेंच बाईंच्या हातीं लेखणी दिली, हें उघड आहे.

तेव्हां प्रथम त्याचाच समाचार घेऊं. आपल्याकडे पासपोर्टाच्या वेळीं ठाण्यावरून हवालदार येतात, ओसरीवर बसतात, चहा घेतात, शेजाऱ्यांस दोन गोष्टी विचारतात आणि कागद पुढें धाडतात. त्या चौकशीला तोंड असतें. ती लांबली तर ठाण्यांत जाऊन विचारतां येतें. परदेशांतील चौकशीला तोंड नाहीं, म्हणून मनुष्य आपल्या मनांतली भीति तिला चिकटवितो. परंतु आंत काय चालतें हें पाहिलें, तर भीतीपेक्षां कंटाळ्याचाच भाग अधिक सांपडतो.

अमेरिकेचें उदाहरण ह्या बाबतींत फार बोलकें आहे, कारण तेथील आंकडे सरकारी अहवालांतून प्रसिद्ध झालेले आहेत. २००१ च्या सप्टेंबरांतील हल्ल्यांनंतर त्या देशानें अर्जदारांचीं नांवें अधिक खोलवर तपासण्याचें ठरविलें, आणि २००२ च्या अखेरीपासून सुमारें २७ लाख नांवें एफ. बी. आय. ह्या खात्याकडे पुन्हां धाडलीं. ज्यांचें नांव दप्तरांत कोठेंच नाहीं, अशा बहुसंख्य लोकांचा निकाल दोनतीन दिवसांत लागे. परंतु शोध नुसता सरळ नांवाचा नसे. पहिलें नांव, मधलें नांव व आडनांव ह्यांची अदलाबदल करून, कधीं एखादें गाळून, निरनिराळ्या जोडण्यांनीं तो होई. शिवाय केवळ ज्याच्यावर आरोप झाला त्याचेंच नांव नव्हे, तर कोणाच्या चौकशींत साक्षीदार म्हणून वा ओझरतें आलेलें नांवही जुळे. जुळलें कीं मूळ कागद पाहिला पाहिजे. आणि तो कागद देशभर विखुरलेल्या कचेऱ्यांपैकीं कोठल्या तरी एकींत धूळ खात पडलेला. तो कोणीं तरी जाऊन काढावा, वाचावा, आणि 'हा तो नव्हे' असा शेरा मारावा, तोंवर अर्जदार थांबला! २००७ च्या मे महिन्यांत अशीं ३,२९,१६० प्रकरणें तुंबलीं होतीं, आणि त्यांपैकीं १,०६,७३८ एक वर्षाहून अधिक काळ.

आतां आपलीं नांवें पाहा. मधलें नांव वडिलांचें, लग्नानंतर नवऱ्याचें. आडनांवें जोशी, कुलकर्णी, देशपांडे, हजारों घरांतून तींच. आणि रोमन लिपींत लिहितांना शाळेच्या दाखल्यावर एक वर्ण, पासपोर्टावर दुसरा. कित्येक घरांत सुनेचें पहिलें नांवही लग्नांत बदलतात. प्रेमानें ठेवलेलें तें नांव पुढें कचेरींतल्या कारकुनास दुसरी व्यक्ति वाटतें. ज्यांच्या घरांतून मुलें परदेशीं जाण्याचा संभव आहे, त्यांनीं नांवाचें एकच स्पेलिंग सर्व कागदांवर ठेवावें, ही सूचना आम्ही मागेंही एकदां केली होती.

आंबेगांव तालुक्यांतील लोकांची तर आणखी एक निराळी गंमत. गंमत म्हणावी कीं दुःख, हें ज्याचें त्यानें ठरवावें. ज्या गांवाच्या नांवावरून तालुका ओळखला जातो, तें मूळ आंबेगांव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें. तालुक्याच्या कचेऱ्या घोडेगांवास आहेत. कॅनडाच्या अर्जांत गेल्या दहा वर्षांचा हिशेब, कोठें राहिलां, काय केलें, एकही महिना मोकळा न सोडतां द्यावा लागतो, आणि जन्मस्थानही लिहावें लागतें. जन्मस्थान पाण्यांत, दाखला घोडेगांवचा, शाळा मंचरची, आणि पासपोर्टावर नुसतें 'पुणें'! ह्यांत खोटें कांहींच नाहीं. पण परक्या मनुष्यास चार कागदांवर चार गांवें दिसतात. अर्जासोबत अर्ध्या पानाचा साधा खुलासा जोडावा. पुढें एखादा प्रश्न उद्भवला, तर उत्तर आधींच हातीं असतें.

जुन्नरकरांनीं ह्या बाबतींत थोडा अभिमान बाळगावयास हरकत नाहीं. गांवाभोंवतालच्या लेण्यांत सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचे लेख आहेत, आणि त्यांत स्वतःस 'यवन' म्हणविणारे दाते आहेत. इरिल नांवाच्या एकानें पाण्याचीं दोन टाकीं दिलीं, चिट नांवाच्या दुसऱ्यानें संघास भोजनमंडप दिला. नाणेघाटानें वर येणाऱ्या माणसाकडून जकात घेत असतील. पण ह्या परकीयांचें नांव, कुळ आणि दान एवढेंच येथें नोंदवून ठेवावेंसें वाटलें. असो. विषयांतर झालें.

अमेरिकेंतील ती तुंबलेली रास पुढें कशी हटली, हें पत्रलेखिका भगिनीनें अवश्य ध्यानांत घ्यावें. ४ फेब्रुवारी २००८ रोजीं तेथील खात्यानें हुकूम काढला कीं, बाकी सर्व गोष्टी पुऱ्या असतील आणि केवळ नांवाची तपासणी १८० दिवसांहून अधिक अडली असेल, तर कायम वास्तव्याचा अर्ज मंजूर करावा. पुढें कांहीं निघालें तर परवाना काढून घेण्याचा मार्ग खुला आहेच. त्याच वेळीं माणसें वाढविलीं, पैसा वाढविला, आणि २००९ च्या जूनमध्यें शंभरांतील ९८ नांवें तीस दिवसांत तपासूं लागल्याचें जाहीर केलें. लाखों लोक दोन वर्षांत एकाएकीं सज्जन झाले, असें तर कोणी म्हणणार नाहीं! माणसें अपुरीं होतीं, तीं पुरेशीं झालीं, इतकेंच.

कॅनडांत रीत थोडी वेगळी. वास्तव्याचा अर्ज एका खात्याकडे. सुरक्षेचा अभिप्राय सीमाखातें आणि गुप्तवार्ताखातें देतात. शेवटचा निर्णय मात्र पहिल्याच खात्यानें करावयाचा. म्हणजे एकाकडे विचारलें तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवितो. ह्या लांबणींत वैद्यकीय तपासणीची बारा महिन्यांची मुदत संपते आणि ती पुन्हां करावी लागते. परंतु तेथें मनुष्य अगदींच निराधार नाहीं. माहितीच्या कायद्याखालीं पांच डॉलर भरून आपल्या प्रकरणावरील टिपणें मागवितां येतात. आणि कोर्टही आहे. १९९८ सालीं तेथील फेडरल कोर्टानें कोनील नांवाच्या अर्जदाराच्या खटल्यांत विलंब अवाजवी केव्हां मानावा हें ठरवून दिलें : कामाच्या स्वरूपास लागेल त्याहून वेळ अधिक गेलेला, अर्जदार त्यास कारण नसलेला, आणि खात्याजवळ समाधानकारक सबब नसलेली. तो अर्ज नागरिकत्वाचा होता, तरी वास्तव्याच्या अर्जांतही हीच कसोटी लावतात. 'चौकशी चालू आहे' हें उत्तर आपोआप सबब होत नाहीं. सव्वीस महिने झालेल्या गृहस्थानें तेथील वकिलाचा सल्ला घ्यावा. सरकारशीं भांडलें तर अर्ज बिघडेल, ही आपल्या लोकांची समजूत आम्हांस खरी वाटत नाहीं.

आतां घरांतील गोष्ट. यजमान येऊं शकत नाहींत, कीं भीतीमुळें येत नाहींत, हें पत्रावरून कळत नाहीं. आणि सारा प्रश्न तेथेंच आहे. अमेरिकेंत अर्ज प्रलंबित असतां आगाऊ परवानगीवांचून देश सोडल्यास अर्ज सोडून दिला असें धरतात. मात्र एच-वन व एल-वन व्हिसावर असणाऱ्यांस त्यांत सवलत आहे. इतर देशांत नियम निराळे. तेव्हां ह्या गृहस्थाचा व्हिसा कोणता, हें वकिलास नेमकें विचारावें. आजारी मातेच्या भेटीसाठीं अशी परवानगी मागतां येते. कित्येक घरीं ही चौकशी न करतांच 'येतां येत नाहीं' असें धरून चाललेलें आम्हीं पाहिलें आहे, आणि पुढें तिरडी उचलण्याची वेळ येऊन ठेपल्यावर परवानगीचा शोध सुरू झालेला पाहिला आहे.

दिरांचें लग्न थांबवूं नये. मुलीकडच्यांनीं किती दिवस आशेवर राहावें? थोरला भाऊ मोबाईलवर अक्षता टाकील; मुहूर्त त्याच्यासाठीं थांबणार नाहीं, आणि त्या मुलीचें वयही थांबणार नाहीं.

राहिल्या सासूबाई. त्यांना 'पुढल्या महिन्यांत' असें सांगणें बंद करावें, अशी आमची त्या भगिनीस विनंति आहे. त्या दिवस मोजीत असतील. खरें काय तें मुलानेंच त्यांना सांगावें : तारीख ठाऊक नाहीं, दोष कोणाचा नाहीं, परवानगी मिळते कां तें पाहतों आहें. ह्या वयाच्या बायकांनीं दुष्काळ पाहिले, घोडेच्या खोऱ्यांतील कित्येकींनीं डोळ्यांदेखत राहतें गांव बुडालेलें पाहिलें. खरें ऐकण्याची ताकद त्यांच्यांत आपणांहून जास्त असते. भगिनीनें वकिलाचें उत्तर आलें म्हणजे आम्हांस अवश्य कळवावें. आणि आळींतल्या त्या बाईंना, जमल्यास, हा अंक वाचावयास द्यावा.