चुकण्याची मुभा हवी

ऑनलाइन अभ्यासक्रमाला नाव नोंदवणारे पुष्कळ आणि तो पुरा करणारे मोजके, हे दुखणे जगभरचे आहे. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या ‘एडएक्स’वरील खुल्या अभ्यासक्रमांत २०१७-१८ मध्ये सहभागी झालेल्यांपैकी केवळ ३.१३ टक्के शेवटपर्यंत पोहोचले. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन मंचावरून शिकता येतात. त्यामुळे ऑनलाइन शिक्षणातल्या गळतीचा प्रश्न आता थेट पदवीशी जोडला गेला आहे. अभ्यासात खेळ आणा, असा उपाय सुचवला जातो. पण खेळ म्हणजे पॉइंट, बॅज आणि लीडरबोर्ड एवढेच गृहीत धरले जाते. खेळ जरूर आणावा, मात्र त्यातले काय घ्यायचे हे आधी ठरवायला हवे.

बॅजचा उपयोग होतो. ऑकलंड विद्यापीठातल्या हजाराहून अधिक विद्यार्थ्यांवरील, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बॅज मिळवणाऱ्या गटाने सरावाचे प्रश्न जास्त सोडवले आणि तेही अधिक दिवस. पण मायकेल हॅनस आणि जेसी फॉक्स यांनी अमेरिकेत एकच अभ्यासक्रम शिकणाऱ्या दोन वर्गांची सोळा आठवडे तुलना केली, तेव्हा बॅज आणि लीडरबोर्ड असलेल्या वर्गाची शिकण्यातली गोडी कमी होत गेली. अंतिम परीक्षेतही तो वर्ग मागे पडला. सराव वाढवायला बॅज पुरतो, पण चारचौघांतल्या क्रमवारीत शिकण्याचा आनंद हरवतो. लीडरबोर्डमुळे पहिल्या दहांना हुरूप येतो आणि तळाच्या विद्यार्थ्याला आपण मागे असल्याची जाहीर आठवण दिली जाते. अभ्यास सोडण्याच्या बेतात असतो तो नेमका हाच विद्यार्थी.

खेळणारा एकाच टप्प्यावर अनेकदा हरतो, तरी उठून जात नाही. कुठे चुकले ते त्याला तत्क्षणी कळते आणि पुढचा डाव लगेच मांडता येतो. खेळाचे खरे बळ यात आहे. याउलट, ‘स्वयम्’वरच चालणाऱ्या ‘एनपीटीईएल’च्या अभ्यासक्रमांत आठवड्याच्या असाइनमेंटची उत्तरे मुदत संपल्यावर दिसतात, आणि तेव्हा दुरुस्तीची वाट बंद झालेली असते. प्रमाणपत्रावर मात्र रौप्य आणि सुवर्ण अशा श्रेणी आहेत. पदके आहेत, चूक कळल्यावर पुन्हा प्रयत्न नाही. प्रत्येक घटकावर बदलत्या प्रश्नांचा साठा असावा, चुकलेल्या उत्तरामागचे कारण तिथेच समजावले जावे आणि प्रगतीचा आलेख ज्याचा त्यालाच दिसावा.

यावर आक्षेप येईल की, कितीही वेळा चुकता येत असेल तर विद्यार्थी अंदाजाने उत्तरे ठोकतील. प्रश्न आणि त्यातले आकडे दरवेळी बदलले की अंदाज चालत नाही. शिवाय ‘एनपीटीईएल’मध्ये ७५ टक्के भार केंद्रावर, देखरेखीखाली होणाऱ्या परीक्षेचा असतो. जग स्पर्धेचे आहे, मग क्रमवारी का नको, हा दुसरा आक्षेप. स्पर्धा निवडीसाठी असते, आणि तिचे काम अंतिम परीक्षा करतेच. शिकण्याच्या काळात न घाबरता चुकता आले पाहिजे. असे प्रश्न तयार करायला बॅज लावण्यापेक्षा कितीतरी जास्त प्राध्यापक आणि वेळ लागेल, हे खरे आहे. तो खर्च विद्यापीठांनी करावा. शिक्षणाचे ॲप विकत घेताना त्यांनी दोनच गोष्टी विचाराव्यात: विद्यार्थ्याला पुन्हा किती वेळा प्रयत्न करता येतो, आणि चूक का झाली हे त्याला किती लवकर कळते?