लहान दरबारचा वकील

मालदीवसारख्या चिमुकल्या द्वीपराष्ट्रात राजदूत ठेवण्याचा खर्च कशाला, असे आमचे काही व्यापारी बंधू विचारतात. धान्याच्या पेढीवर बसून आम्हांस सुचलेले उत्तर येथे देतो.

तेथे तांदूळ, पीठ, साखर ही बाहेरूनच यावी लागतात. १९८१ च्या व्यापारी करारान्वये भारत या जिनसा ठराविक प्रमाणात पुरवितो. जुलै २०२३ मध्ये आपल्या सरकारने बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. त्याची झळ आमच्या धंद्यासही लागली. पुढे उभय देशांत कटुता आली; भारतीय सैनिकांनी परत जावे, अशी मागणी मालदीवने केली. तरीही एप्रिल २०२४ मध्ये, त्या सरकारच्याच विनंतीवरून, १,२४,२१८ टन तांदूळ मंजूर झाला. ही वार्ता माले येथील आपल्या उच्चायुक्तालयानेच जाहीर केली. आम्हांस बंदी आणि त्यांस सूट, अशी कुरकूर प्रथम आम्हीही केली. विचारांती ती मागे घेतली.

गिऱ्हाईक रुसले तरी त्याचे खाते मोडू न देणारा मुनीमच पेढी राखतो. म्हणून अशा लहान ठिकाणी सरकारने नवशिके नव्हे, तर जाणते वकील पाठवावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.