इमारतींपलीकडचे दान

आत्महत्येच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या सहकाऱ्यांसाठी सुरतच्या हिरे कामगार संघटनेने जुलै २०२४ मध्ये हेल्पलाइन सुरू केली. जगातील दहापैकी सुमारे नऊ हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या शहरात हे काम कामगारांनाच हाती घ्यावे लागले. रशियन हिऱ्यांवरील निर्बंध, प्रयोगशाळेत तयार होणारे स्वस्त हिरे आणि परदेशातील घटलेली मागणी यांमुळे आलेली मंदी थेट घंटीवर, म्हणजे हिरे घासण्याच्या चाकावर, बसणाऱ्याच्या घरात शिरली. मजुरी नगावर मिळते. माल आला नाही की चूल अडते. शहराच्या लिंबायत-उधना भागातील खानदेशी कुटुंबे आणि ओडिशातून आलेले यंत्रमाग कामगार यांचीही स्थिती फार वेगळी नाही.

अशा कामगाराला नेमकी कोणती मदत उपयोगी पडते? समुपदेशन, कर्जफेडीची सवलत की मंदीच्या काळातील किमान मजुरी? याचे उत्तर अंदाजाने देता येणार नाही; ते अभ्यासातूनच मिळेल. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, नैराश्य व चिंतेसारख्या सर्रास आढळणाऱ्या विकारांच्या शंभरापैकी ऐंशीहून अधिक रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचे दिसले. ही दरी केवळ मनोविकारतज्ज्ञांच्या बळावर भरून निघणारी नाही.

मार्ग शोधता येतो, हे ‘आत्मीयता’ या उपक्रमाने दाखवले आहे. पुण्यातील इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्राने नाशिकच्या पेठ तालुक्यात गावातल्याच स्वयंसेवकांना धीर देण्याचे, ऐकून घेण्याचे आणि सरकारी योजनांपर्यंत पोहोचवण्याचे प्रशिक्षण दिले. त्या पहिल्या प्रयोगाला ‘ग्रँड चॅलेंजेस कॅनडा’ने पैसा दिला. पुढे मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हच्या पाठबळाने तोच उपक्रम गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात गेला. तिथे त्याची शास्त्रशुद्ध चाचणी झाली आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत लोकांचा मानसिक त्रास कमी झाल्याचे दिसले. सरकार सहसा सिद्ध झालेल्या योजनेवर खर्च करते. ती सिद्ध होण्याआधीची जोखीम कोणीतरी उचलावी लागते. ते काम धर्मादाय पैशाचे आहे.

सुरतला दातृत्व शिकवावे लागत नाही. २०१७ मध्ये सुरू झालेले किरण हॉस्पिटल देणग्यांतूनच उभे राहिले. आता हे दान इमारतींपलीकडे, अशा प्रयोगांकडेही वळावे. मात्र गावाच्या पारावर चाललेला उपाय बारा तासांच्या पाळीत, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या स्थलांतरितांना जसाच्या तसा लागू पडेल, असे गृहीत धरता येत नाही. त्यासाठी सुरतमध्येच छोटे प्रयोग हवेत: गुजराती, मराठी, ओडिया अशा कामगारांच्या भाषांत, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि कामगार संघटना यांना सोबत घेऊन.

अशा प्रयोगांसाठी दिल्या जाणाऱ्या निधीला तीन अटी असाव्यात. कामगाराने सांगितलेले शेठपर्यंत पोहोचता कामा नये. प्रयोग फसला तरी निष्कर्ष जाहीर व्हावेत. आणि दोष मनात नसून मजुरीच्या पद्धतीत आहे असे अभ्यासात आढळले, तर तेही दाबले जाऊ नये.

१९९४ च्या प्लेगनंतर या शहराने सफाईची घडी बसवली, आजारांवर सातत्याने नजर ठेवली आणि आपली ओळख बदलली. तीच शिस्त आता मानसिक आरोग्याला लावायला हवी. मदत आजही उपलब्ध आहे. ‘टेली-मानस’ या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येते. पण फोन उचलणाऱ्याच्या हातीही पारखलेले उपाय हवेत. हिरे उद्योगातील विश्वस्त संस्थांनी पुढच्या मंदीची वाट न पाहता येत्या वर्षाच्या देणग्यांतच या संशोधनासाठी स्वतंत्र वाटा राखून ठेवावा.