बियाण्याची चौकशी चार दुकानांत, बाळंतपणाची एकाही दवाखान्यात नाही



अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आपल्या तालुक्यात भेंडवळला घटमांडणीचे भाकीत ऐकायला दूरदूरची माणसे गोळा होतात. यंदा पाऊस कसा, कपाशीचे काय, ज्वारीचे काय, हे कान देऊन ऐकतात. त्या भाकितावर कोणाचा विश्वास असेल, कोणाचा नसेल. तो वाद आज नको. सांगायचे एवढेच की पेरणीच्या महिनाभर आधी शेतकऱ्याच्या डोक्यात पेरणी सुरू झालेली असते. बियाण्याची पिशवी घेताना तो चार दुकाने फिरतो आणि मागच्या साली हे वाण कोणाच्या वावरात कसे आले याची चौकशी करतो.

त्याच घरात सातव्या महिन्यात लेक माहेरी आलेली असते. तिला कोणत्या दवाखान्यात न्यायचे, असे विचारले तर उत्तर मिळते, "वेळ आली की पाहू."

वेळ आली की काय पाहायला मिळते, ते गेल्या श्रावणात आमच्या शेजारच्या घरात दिसले. पहिलटकरीण लेक. पायावर सूज होती. रात्री अकराला डोके दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. घरच्यांना पित्त वाटले. दोन वाजता झटका आला तेव्हा धावपळ सुरू झाली. गाडी मिळायला पाऊण तास गेला. पहिल्या दवाखान्यात इंजेक्शन देऊन पुढे न्यायला सांगितले. दुसऱ्यात भूल देणारा डॉक्टर नव्हता. तिसऱ्याने आधी पैशांचे विचारले. चौथ्या ठिकाणी पोहोचेतो उजाडले होते. लेक वाचली, बाळ गेले. बायाबापड्या म्हणाल्या, नशिबात नव्हते. पण महिनाभर आधीच्या तपासणीत रक्तदाब वाढल्याची नोंद तिच्या कार्डावर होती आणि ते कार्ड सासरी पेटीत राहिले होते. याला नशीब म्हणायला माझी जीभ धजत नाही.

१९९४ साली सरीन थडियस आणि डेबोरा मेन या दोन संशोधक स्त्रियांनी जगभरच्या मातामृत्यूंचा अभ्यास करून तीन उशीर सांगितले. पहिला, दवाखान्यात जायचे ठरवण्यातला. दुसरा, तिथे पोहोचण्यातला. तिसरा, पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला. त्या रात्री शेजारच्या घरात हे तिन्ही उशीर एकामागून एक झाले. आणि तिन्ही मिळून जो वेळ गेला, त्यातला बराचसा आधी दोन महिने चौकशी केली असती तर वाचला असता.

आता कोणी म्हणेल, पूर्वी घरीच बाळंतपणे होत, तेव्हा कुठे होती ही चौकशी? पूर्वी होत होती आणि बाया मरतही होत्या. २००४-०६ या काळातही महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे १३० माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यात शंभरातली जवळपास ९५ बाळंतपणे दवाखान्यात होतात. म्हणजे घर की दवाखाना हा प्रश्न बहुतेक गावांपुरता सुटला आहे. खरा प्रश्न आता उभा आहे, तो कोणता दवाखाना, हा.

आपल्या तालुक्यात तो अधिकच अवघड आहे. आपण घाटाखालचे, जिल्ह्याचे ठिकाण घाटावर. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णा. तालुक्याला रेल्वे नाही. नांदुऱ्याला जायचे तर पूर्णा ओलांडून पंचवीसेक किलोमीटर, खामगाव त्याच्या सुमारे दुप्पट, अकोला त्याच्याही पुढे. भिंगारा, चाळीसटापरीच्या आदिवासी बाईला तर आधी डोंगर उतरून जळगावला यायचे आणि मग हा रस्ता धरायचा. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबला नाही तर दोन तासांच्या आत बाईचा जीव जाऊ शकतो. दोन तासांत आपण कुठवर पोहोचतो, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या गावापासून करावा.

आपली चळवळ सुरुवातीपासून सांगत आली आहे की शेतकरी लुटला जातो तो अडलेला असतो म्हणून. दिवाळीच्या तोंडावर सावकाराचा तगादा असताना जो कापूस विकतो, तो भाव विचारत नाही, मिळेल तो घेतो. रात्री दोन वाजता कळा देणाऱ्या लेकीला घेऊन दवाखान्याच्या दारात उभा असलेला बाप हा तोच अडलेला शेतकरी आहे. तिथे तो पडेल भावाने विकतो, इथे चढेल भावाने घेतो. ४० हजारांचे बिल झाले असे धरा. २०२४-२५ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७१२१ रुपये होता. म्हणजे साडेपाच क्विंटलांहून जास्त कापूस त्या एका रात्रीत गेला, आणि तोही हमीभाव हाती पडला तर. कोरडवाहू रानात हे एकरभराचे पीक झाले.

यातून कोणी असा अर्थ काढू नये की खासगी डॉक्टर सगळे लुटारू आणि सिझर म्हणजे फसवणूक. वेळेवर केलेल्या सिझरने कित्येक माता आणि बाळे वाचली आहेत. आमच्या शेजारची ती लेकही सिझर होऊनच वाचली. तालुक्याच्या गावी रात्री-बेरात्री एकट्याने दवाखाना चालवणारे डॉक्टर आहेत, त्यांचे उपकार विसरता येत नाहीत. पण आकडे डोळ्यांआड करू नयेत. त्याच पाहणीत देशभरात सरकारी दवाखान्यांतील शंभर बाळंतपणांपैकी सुमारे १४ सिझरने झाली, खासगीत ४७. अवघड केसेस खासगीत जास्त जातात, असे म्हटले तरी तिपटीहून जास्त फरकाचा उलगडा तेवढ्याने होत नाही. त्यात डॉक्टरांची सोय आहे, दावे-फिर्यादींची भीती आहे, पैसाही आहे. आणि मुहूर्त पाहून मूल काढा म्हणणारे आपले लोकही आहेत.

सरकारी दवाखान्याचे गोडवे गायला मी बसलेलो नाही. भीक नको, हवे घामाचे दाम, असे म्हणणारी आपली माणसे. पण तिथली सेवा म्हणजे भीकही नव्हे. साबणाच्या वडीपासून ट्रॅक्टरच्या टायरपर्यंत आपण कर भरतो, त्याचा तो मोबदला आहे. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरून नेण्या-आणण्याची गाडी हे सगळे मोफत आहे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी ठरवून दिली आहे. खासगी दवाखान्यांनाही नियम आहेत. २०२१ साली राज्याने शुश्रूषागृह नोंदणीचे नियम सुधारले. त्यानुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते.

आणि "इथे सोय नाही, पुढे जा" एवढे म्हणून सरकारला हात झटकता येत नाहीत. पश्चिम बंगालमध्ये १९९२ साली रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले. शेवटी त्याला खासगी दवाखान्यात खर्च करावा लागला. तिथल्या खेत मजदूर समितीने तो प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. १९९६ साली न्यायालयाने निकाल दिला की तातडीचा उपचार नाकारणे म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैशांची अडचण ही सबब चालणार नाही. शेतमजुरांच्या संघटनेने मिळवलेला हा निकाल आपल्या प्रत्येक गावात माहीत असला पाहिजे.

मग करायचे काय? सातवा महिना लागला की लेकीला घेऊन दोन-तीन दवाखाने दिवसाउजेडी पाहून यावे आणि बियाण्याच्या दुकानात विचारतो तसे मोकळेपणी विचारावे. रात्री सिझरची वेळ आली तर भूलतज्ज्ञ कोण, तो किती वेळात येतो? रक्त लागले तर कुठून आणि किती वेळात? बाळ रडले नाही, कमी वजनाचे निघाले, तर त्याला पाहणारा डॉक्टर आहे का? साधे बाळंतपण आणि सिझर, दोन्हींचा खोली-औषधांसह खर्च किती? हाताबाहेर गेले तर पुढे कुठे पाठवता आणि कोणत्या गाडीने? जो डॉक्टर या प्रश्नांवर चिडतो, त्याचे उत्तर त्या चिडण्यातच मिळाले असे समजावे. गाडीवाला किंवा ओळखीचा माणूस सुचवतो म्हणून दवाखाना ठरवू नये. काही ठिकाणी त्यात त्याचा वाटा असतो.

रक्तदाब वाढलेला, अंगात रक्त फार कमी, आधीचे सिझर, जुळे, बाळ आडवे किंवा पायाळू, सिकलसेलचा आजार, यांपैकी काही असेल तर तालुक्यात थांबून वाट पाहू नये. जिथे रात्रंदिवस सिझर आणि रक्ताची सोय आहे, तिथे आधीपासून नाव घालावे आणि दिवस भरत आले की त्या गावी पाहुण्यांकडे जाऊन राहावे. ज्यांना असे काही नाही त्यांनाही ऐनवेळी अडचण येऊ शकते, म्हणून गाडी, तिचा नंबर आणि १०८ हे सगळे आधी ठरलेले असावे. आणि लेक सासरहून निघाली की माता-बाल संरक्षण कार्ड तिच्या पिशवीत सगळ्यांत वर असावे.

पण हे ठरवणार कोण? बाप, भाऊ, नवरा, सासू सगळे ठरवतात. जिच्या जिवाचा प्रश्न आहे तिला कोणी विचारत नाही. १९८६ साली चांदवडला शेतकरी स्त्रिया मोठ्या संख्येने जमल्या. पुढे लक्ष्मीमुक्तीत गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली. जमिनीच्या तुकड्यावर तिचा हक्क मान्य केला, मग तिच्या स्वतःच्या देहावरचा कधी मान्य करणार? दवाखाना पाहायला तिला सोबत न्या. डॉक्टरांशी तिला बोलू द्या. दुखते म्हणाली की पित्त म्हणून वाटेला लावू नका.

येत्या जिल्हा बैठकीत यावर दोन गोष्टी ठरवाव्यात, असे माझे म्हणणे आहे. पहिली, घाटाखालच्या प्रत्येक तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात रात्री सिझर होते का, भूलतज्ज्ञ आहे का, रक्त साठवण्याची सोय आहे का, हे लेखी विचारावे आणि मिळालेली उत्तरे याच पत्रकात छापावीत. दुसरी, आपल्या प्रत्येक गावशाखेने गरोदर बायांची यादी आशाताईंकडून समजून घ्यावी आणि रात्री कोणाची गाडी निघेल हे नावानिशी ठरवावे. यासाठी कोणत्याही मंत्र्याच्या सहीची गरज नाही.

मोर्च्याला ट्रॅक्टर एका हाकेत निघतात, हे आपण अनेकदा दाखवले आहे. लेकीच्या बाळंतपणाला एक गाडी निघायला पाऊण तास लागता कामा नये.